परदेशी भेटी, सरकारी करार आणि सुरक्षा: मुंबईकराने कागद कुठे शोधावेत, कसे वाचावेत

मे २०२५ मध्ये कतारने देऊ केलेले बोइंग ७४७-८ विमान अमेरिकेच्या संरक्षण खात्याने रीतसर ताब्यात घेतले. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. राष्ट्राध्यक्षांनी एवढी मोठी भेट घ्यावी का, यावर वाद रंगला आणि बातम्यांमध्ये तोच राहिला. वायुदलापुढचा प्रश्न मात्र मला जास्त गंभीर वाटला. परक्या देशाने वर्षानुवर्षे वापरलेले विमान राष्ट्राध्यक्षांसाठी वापरायचे, तर ते आतून उघडायचे, प्रत्येक वायर तपासायची आणि मग सुरक्षित दळणवळणाची यंत्रणा बसवायची. फुकट आलेल्या वस्तूचा खरा खर्च तिथून सुरू होतो.

मुंबईत हा विषय लांबचा वाटतो, पण तसा तो नाही. माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्याच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या, बुलेट ट्रेनला जपानचे कर्ज आहे, झवेरी बाजारात येणाऱ्या सोन्याच्या काही भागावर अमिरातीशी झालेल्या कराराची सवलत आहे आणि विमानतळावर सामान हाताळणाऱ्या एका तुर्की कंपनीची परवानगी २०२५ मध्ये एका दिवसात गेली. अशी बातमी आली की सामान्य नागरिकाने, विद्यार्थ्याने किंवा नवख्या पत्रकाराने कुठून सुरुवात करायची, ते मी क्रमाने लिहितो. यातल्या बहुतेक गोष्टी घरबसल्या, फोनवरसुद्धा करता येतात.

पहिली पायरी: प्रकरण कोणत्या खात्याचे ते ठरवा

‘अमुक देशाने भारताला दिले’ या एका वाक्यात चार-पाच वेगळे व्यवहार दडलेले असतात. मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला मिळालेली वस्तू परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदीत जाते. आयात शुल्काची सवलत वाणिज्य मंत्रालय ठरवते आणि अर्थ मंत्रालय अमलात आणते. शस्त्रखरेदी संरक्षण मंत्रालयाकडे असते. परदेशी गुंतवणुकीला कुठे उद्योग विभाग, कुठे गृह मंत्रालय, कुठे रिझर्व्ह बँक लागते. चुकीच्या दारात उभे राहिलात तर महिनाभराने ‘ही माहिती आमच्याकडे नाही’ असे एका ओळीचे उत्तर हातात पडते.

स्वस्त कर्जाला भेट समजू नका. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाचे कर्ज दिले. फेड ५० वर्षांची, त्यात पहिली १५ वर्षे मुद्दलाला सवलत. अटी खरोखरच उदार आहेत. पण त्यासोबत शिंकान्सेनचे तंत्रज्ञान येते, म्हणजे पुढची कित्येक दशके सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा संबंध त्याच देशाशी राहतो. जपानशी आपले संबंध चांगले आहेत म्हणून हे खपून जाते. दुसऱ्या एखाद्या देशाकडून असेच कर्ज आले असते, तर हाच मुद्दा पहिल्या पानावर आला असता. म्हणून कर्ज पाहताना व्याजदराच्या आधी ‘माल कोणाकडून घ्यायचा’ ही अट शोधा.

दुसरी पायरी: वस्तू असेल तर तोशाखाना पाहा

भारतात परदेशी पाहुण्यांकडून किंवा परदेश दौऱ्यात मिळालेल्या वस्तूंसाठी परराष्ट्र मंत्रालयात तोशाखाना आहे. वस्तू ३० दिवसांत जमा करायची, तिचे मूल्य ठरवायचे, आणि ते ५,००० रुपयांच्या आत असेल तर ती घेणाऱ्याला परत मिळते. त्याहून जास्त असेल तर ती तोशाखान्यात राहते किंवा वरचा फरक भरून विकत घेता येते. या व्यवस्थेला परदेशी अंशदान नियमन कायदा २०१० आणि त्याखालील २०१२ च्या नियमांचा आधार आहे. जमा वस्तूंच्या तिमाही याद्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात.

यादी उघडल्यावर सगळ्यात महाग वस्तूवर नजर जाते. माझा सल्ला असा की आधी ५,००० च्या जरा खाली मूल्य लावलेल्या वस्तू पाहाव्यात, कारण तिथेच मूल्यांकनाला महत्त्व येते. दुसरी नजर वर्णनावर. ‘घड्याळ’ एवढेच लिहिले आहे की कंपनीसह? ‘पेन’ साधे की आत काही इलेक्ट्रॉनिक असलेले? वर्णन जितके मोघम, तितका पुढे अर्ज करायला आधार.

पंतप्रधानांना मिळालेल्या भेटींचा जो ई-लिलाव २०१९ पासून होतो आणि ज्याचे पैसे नमामि गंगेला जातात, त्यात बहुतांश देशांतर्गत भेटी असतात. तो आणि तोशाखाना एकच समजण्याची चूक वर्तमानपत्रेही करतात.

एक फार उपयोगी वाट मात्र बरेच जण विसरतात. आपल्याकडची नोंद सापडेना झाली तर समोरच्या देशाची नोंद पाहा. अमेरिकेत परदेशी भेटींचा कायदा १९६६ चा आहे, आणि ठरावीक किमतीवरची प्रत्येक भेट दरवर्षी सरकारी राजपत्रात छापावी लागते. २०२३ पासून ही मर्यादा ४८० डॉलर होती. अशाच एका यादीतून जानेवारी २०२५ मध्ये जगाला कळले की २०२३ साली बायडेन कुटुंबाला परदेशी नेत्यांकडून मिळालेल्या भेटींत सर्वांत महाग होता तो पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा. मूल्य २०,००० डॉलर, आणि तो सरकारी वापरासाठी ठेवला असल्याची नोंदही शेजारीच. भारताने काय दिले हे भारतीय वाचकाला परदेशी राजपत्रातून कळते, याची मला खंत वाटते. पण वाट उघडी आहे, तर तिचा उपयोग करावा.

तिसरी पायरी: वस्तू आत गेल्यावर तिची किल्ली कोणाकडे

४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतले अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची कोरीव लाकडी प्रतिकृती दिली. राजदूताच्या निवासस्थानी ती भिंतीवर लागली. आत लिऑन थेरेमिन यांनी बनवलेले ऐकण्याचे यंत्र होते. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. बाहेरून विशिष्ट रेडिओ लहरी सोडल्या की खोलीतल्या आवाजाने आतला पातळ पडदा थरथरे आणि बोलणे परतणाऱ्या लहरींवर उमटे. लहरी थांबल्या की ते पुन्हा निर्जीव लाकूड. म्हणूनच ते सापडायला १९५२ उजाडले. १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत सर्वांसमोर उघडून दाखवले. मुलांच्या हातून आलेली शोभेची वस्तू कोण तपासणार, हाच त्यातला हिशेब होता.

आता तो हिशेब इमारतींपर्यंत पोहोचला आहे. अदिस अबाबातले आफ्रिकी संघाचे मुख्यालय चीनने सुमारे २० कोटी डॉलर खर्चून भेट म्हणून बांधले, ते २०१२ मध्ये सुरू झाले. जानेवारी २०१८ मध्ये एका फ्रेंच दैनिकाने बातमी दिली की तिथल्या सर्व्हरवरची माहिती रोज रात्री शांघायला जात होती. चीनने आणि आफ्रिकी संघानेही हे नाकारले. आरोप आणि नकार या दोन्ही गोष्टी आपण नोंदवायच्या. पण आरोप क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: इमारत ज्याने बांधली, त्यानेच नेटवर्क बसवले, तर त्याची देखभाल कोण करतो?

आपल्या सोसायटीत कोणी फुकट सीसीटीव्ही बसवून दिले आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला, तर सभेत आपण जे विचारू तेच इथे विचारायचे. चित्रण कुठे साठते, दुरुस्तीला कोण येतो, सॉफ्टवेअर कोण बदलतो, आणि उद्या भांडण झाले तर यंत्रणा आपल्याला एकट्याने चालवता येईल का. हे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी संसदेत सांगितले होते की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्यानंतर नियम कडक झाले, आणि एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली.

चौथी पायरी: तारखांचा तक्ता करा

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे भेटी, दौरे, सन्मान; उजवीकडे करार, परवानग्या, खरेदीचे आदेश. कतारच्या विमानाची चर्चा सुरू होती त्याच आठवड्यात, मे २०२५ मध्ये, कतार एअरवेजने बोइंगकडे २१० पर्यंत विमानांची मागणी नोंदवली. यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. तारखा जवळ आल्या म्हणजे कारण सापडले, असे कोणी ठामपणे लिहू लागले तर त्याला थांबवा. तक्ता फक्त एवढे सांगतो की कोणत्या दोन फायली शेजारी ठेवून वाचाव्यात.

आपल्या इतिहासात याचे सुंदर उदाहरण आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईहून गेलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता, आणि त्याच मुक्कामात त्याला व्यापाराचा तहही हवा होता. महाराजांनी नजराणा स्वीकारला, तहही केला. पण इंग्रजांची नाणी राज्यात चालवावीत आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत द्यावा, या मागण्यांना ते सहज राजी झाले नाहीत. भेट वेगळी आणि कलम वेगळे. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, स्पष्ट सूचना आली: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत, वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. बंदराच्या जागेचा आणि परकीय व्यापाराचा सुरक्षेच्या दृष्टीने एवढा नेमका विचार आपल्या भाषेत तीनशे वर्षांपूर्वी झाला आहे.

पाचवी पायरी: करार वाचा, आणि शेवटून वाचा

व्यापार कराराचा मजकूर वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. पहिली प्रकरणे मैत्रीची असतात. खरा व्यवहार परिशिष्टांत आणि तळटिपांत असतो, म्हणून तिथून सुरुवात करा.

परिशिष्टाची किंमत मुंबईइतकी कोणाला ठाऊक असणार? १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनच्या आंदणात मुंबई इंग्लंडला दिली. जाहीर कलमात बंदर आणि बेट होते. गुप्त कलमात इंग्लंडने डचांपासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखाचे रक्षण करायचे होते. पण दिलेले बेट नेमके कुठे संपते यावर भांडण लागले. माहीम त्यात धरायचे की नाही, हाच वाद. ताबा मिळेपर्यंत इंग्रजी पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली आणि त्यातले बहुतेक तिथेच मेले. १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकले. व्याख्या सैल राहिली की काय होते, ते या शहराच्या जन्मकुंडलीतच आहे.

आता आजचे. शुल्काच्या तक्त्यात प्रत्येक मालाला आकड्यांचा क्रम असतो, व्यापारी त्याला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे, भारतात आठ. आंबा आणि पेरू ०८०४ मध्ये, हिरे ७१०२ मध्ये, प्रयोगशाळेत तयार झालेले हिरे ७१०४ मध्ये. सुरक्षेचा विचार करणाऱ्याने ८५१७ आणि ८५२५ आधी उघडावेत: पहिला दूरसंचार उपकरणांचा, दुसरा कॅमेऱ्यांचा. कोडसमोर आजचा दर आणि तो किती वर्षांत उतरणार ते लिहिलेले असते. उदाहरणार्थ, २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात व्हिस्कीवरचे १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर येते. बातमीत ‘शुल्क घटले’ एवढेच येते. तक्ता वर्ष सांगतो.

त्यानंतर मालाच्या मूळ देशाचे नियम. अमिरातीशी करार १ मे २०२२ ला लागू झाला. त्यात सोन्याला एक टक्क्याची सवलत आहे, पण कोट्यापुरती: सुरुवातीला १२० टन, वाढत २०० टनांपर्यंत. प्लॅटिनमच्या मिश्रधातूला मात्र वेगळा दर. आणि वर्गीकरणाचा नियम असा की वजनात २ टक्के प्लॅटिनम असले तरी तो प्लॅटिनमचा मिश्रधातू धरला जातो. म्हणजे बाकी जवळजवळ सगळे सोने असलेली लगड प्लॅटिनमच्या दराने येऊ शकते. झवेरी बाजारात याची चर्चा झाली, विदेश व्यापार महासंचालनालयाला निर्बंध आणावे लागले. अशी पळवाट दुसऱ्या मालातही असू शकते, म्हणून तिसऱ्या देशाचा माल मित्रदेशाच्या शिक्क्याने येतो का, हे पाहायचे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या सीमाशुल्क नियमांनुसार माल कुठे, कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायलाच हवी. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही.

तिसरी गोष्ट, सुरक्षेचा अपवाद. जागतिक व्यापाराच्या मूळ करारातले कलम २१ देशाला आवश्यक सुरक्षा हितासाठी बंधन बाजूला ठेवू देते, आणि बहुतेक करारांत त्याचीच आवृत्ती असते. तो अपवाद डिजिटल व्यापार आणि सरकारी खरेदीच्या प्रकरणांनाही लागू आहे का, हे तपासा. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या मूळ सूचनांनी बनते त्या, मागायला सरकारला मनाई करणारे कलम असेल, तर त्याला कोणते अपवाद ठेवलेत ते अक्षर न अक्षर वाचा.

आपल्याकडे करार अमलात येण्यासाठी संसदेची आधी मंजुरी लागत नाही. शुल्क बदलते ते सीमाशुल्क अधिसूचनेने. अमिरातीच्या करारासाठी ती ३० एप्रिल २०२२ ची २२/२०२२ क्रमांकाची. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार २१ बैठकी-दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो आणि सरकार त्याचा परिणाम-अहवालही छापते. म्हणून भारत–ब्रिटन करार समजून घ्यायचा तर ब्रिटिश सरकारचा अहवालही वाचाच. आपण काय दिले, हे घेणारा अभिमानाने लिहितो.

सहावी पायरी: भारताच्या गाळण्या कुठे आहेत

१७ एप्रिल २०२० ची उद्योग विभागाची प्रेस नोट ३: भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी. त्याआधी चीनच्या मध्यवर्ती बँकेचा मुंबईतल्या एचडीएफसीमधला हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याचे उघड झाले होते. २३ जुलै २०२० पासून सरकारी निविदांनाही अशीच नोंदणीची अट आली. १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना फक्त विश्वसनीय स्रोतांकडूनच नवी उपकरणे घ्यावी लागतात. हे आदेश बदलत असतात, तेव्हा मूळ आदेशासोबत नंतरच्या दुरुस्त्याही काढा.

पण आत येताना गाळणी लावली म्हणजे काम संपत नाही. १५ मे २०२५ ला नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने तुर्कीच्या चेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन काढली. ही कंपनी मुंबई विमानतळावर अनेक वर्षे काम करत होती. कारणे न्यायालयाला बंद पाकिटात दिली गेली, आणि ७ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. माझे मत असे की सरकारला हा अधिकार हवाच. पण दरवर्षीचा आढावा असता, तर कर्मचाऱ्यांवर रातोरात टांगती तलवार आली नसती.

धोका मालातूनच येतो असेही नाही. माझगाव डॉकमधल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा, शेवटची ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात आली. मध्येच, ऑगस्ट २०१६ मध्ये, या पाणबुड्यांच्या तांत्रिक माहितीची २२,४०० पाने फुटल्याचे एका ऑस्ट्रेलियन दैनिकाने उघड केले. पाणबुडी आपल्या गोदीत, पण आराखडे दुसऱ्याच्या संगणकांवर. म्हणून मोठ्या संरक्षण कराराची बातमी वाचताना कागदपत्रे कुठे ठेवली जातील, हे विचारा.

सातवी पायरी: माहिती अधिकाराचा अर्ज

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो; मराठीत लिहायचा असेल तर पीडीएफ करून जोडणे सोयीचे. मत विचारू नका, कागद मागा. ‘ही भेट का घेतली?’ याला उत्तर मिळणार नाही. असे लिहा:

‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात तोशाखान्यात जमा झालेल्या व ५,००० रुपयांहून जास्त मूल्याच्या वस्तूंच्या यादीची प्रत द्यावी. त्यांपैकी फरक भरून परत घेतलेल्या वस्तू व भरलेली रक्कम दाखवणाऱ्या नोंदीची प्रत द्यावी. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुरक्षा तपासणीबाबत लेखी सूचना असल्यास त्यांची प्रत द्यावी. त्यातील काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार उरलेला भाग द्यावा.’

शेवटची ओळ सोडू नका. नकार बहुधा कलम ८(१)(क) खाली येतो: सुरक्षा किंवा परराष्ट्र संबंध. कलम १० अधिकाऱ्याला गोपनीय भाग झाकून बाकीचा द्यायला सांगते, आणि कलम ८(२) जनहित मोठे असेल तर अपवादावर मात करते. अपिलात दोन्हींचा उल्लेख करा. खाते चुकले तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत अर्ज योग्य जागी पाठवणे त्यांच्यावर आहे.

एक पथ्य पाळा. गोदी, विमानतळ, दूरसंचार केंद्र यांच्या आतल्या मांडणीचे फोटो किंवा नकाशे मागू नका आणि हाती आले तरी पुढे पाठवू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि कायदा नसता तरी ते योग्य नाही. कंपनीच्या देशावरून इथल्या तिच्या मराठी कामगारावर किंवा दुकानदारावर राग काढणाऱ्यांनाही साथ देऊ नका.

आठवी पायरी: खासदाराला लेखी प्रश्न द्या

मुंबईचे सहा लोकसभा खासदार आहेत. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाची तारीख जाहीर होताच कार्यालयात जा. भाषण करू नका. अर्ध्या पानावर तीन पोटप्रश्न, करार किंवा अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहून द्या. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहते. त्याआधी त्याच संकेतस्थळावर जुनी उत्तरे शोधा. तुमचा प्रश्न आधीच कोणी विचारलेला असण्याची बरीच शक्यता असते, आणि मग त्या उत्तरातला सुटलेला धागा धरून नवा प्रश्न करता येतो.

माहिती अधिकारात नकार आला तर पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. आयोगाची सुनावणी लांबते. तोवर नकाराचे पत्र खासदारांच्या कार्यालयात देऊन तोच विषय पुढच्या अधिवेशनात मांडायला सांगा. सोबत कलम १० मागितल्याची अर्जाची प्रत जोडा.